झाकली मूठ सव्वा लाखाची: राखीव क्वार्टरबॅकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल पाहायला लागलेल्या मराठी मित्रमंडळींकडून दर हंगामात एक प्रश्न हमखास येतो: "तो दुसरा पोरगा बसून आहे ना, त्याला का नाही खेळवत?" काही वर्षांनी तोच पोरगा मोठ्या करारावर दुसऱ्या संघात जातो, तिथे फसतो, आणि प्रश्न बदलतो: "हा इतका चांगला होता, मग झालं काय?" या दोन प्रश्नांच्या मधे जे घडतं त्याबद्दल मला गेली अनेक वर्षं विचारलं जातंय. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

क्वार्टरबॅक नेमकं करतो काय, आणि राखीव क्वार्टरबॅक संघात कशासाठी असतो?

चढाई करणाऱ्या अकरा जणांत सेंटर नावाचा खेळाडू चेंडू पायांमधून मागे देतो. तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की पास कोणाकडे टाकायचा, चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच पळायचं. तेवढ्या वेळात समोरचे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला निघालेले असतात.

या जागेवर एका वेळी एकच माणूस खेळतो. क्रिकेटमध्ये जवळची उपमा यष्टीरक्षकाची. राखीव फलंदाजाला कुठल्या ना कुठल्या क्रमांकावर घुसवता येतं, दुसऱ्या यष्टीरक्षकाला पहिला हलेपर्यंत बसूनच राहावं लागतं. धोनी कसोटी खेळत होता तोवर वृद्धिमान साहाने कशी वर्षं काढली ते आठवा. राखीव क्वार्टरबॅकचं आयुष्य तसंच असतं, फक्त त्याच्या संघाला हंगामात सतराच सामने मिळतात. त्यातला एकही त्याच्या वाट्याला न येता तीन-तीन वर्षं सरतात.

जो खेळलाच नाही, त्याचा एवढा बोलबाला का होतो?

कारण त्याच्या चुका कोणी पाहिलेल्या नसतात. अमेरिकेत एक जुनं बोलणं आहे की फुटबॉलवेड्या गावात सगळ्यांत लाडका माणूस म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. पहिल्या क्वार्टरबॅकचं प्रत्येक इंटरसेप्शन (समोरच्या संघाने मधेच पकडलेला पास) लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याच्या प्रत्येक पराभवाची नोंद असते. दुसऱ्याच्या नावापुढे कोरी पाटी. त्या पाटीवर प्रत्येक जण आपल्याला हवं ते लिहितो.

आपल्याकडे याला म्हण आहेच: झाकली मूठ सव्वा लाखाची. या खेळात सव्वा लाखाच्या जागी कोट्यवधी डॉलर येतात, एवढाच फरक.

यामागे साधी टंचाईही आहे. लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत आणि संघाला वर्षानुवर्षं विश्वासाने पुढे नेतील असे क्वार्टरबॅक कुठल्याही काळात ३२ नसतात. ज्यांच्याकडे नाही ते दरवर्षी शोधात असतात. ड्राफ्टमधला, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातला, कॉलेजचा मुलगा म्हणजे कच्चा माल, आणि सिद्ध झालेला क्वार्टरबॅक कुठलाच संघ सहसा सोडत नाही. मग नजर जाते ती मधल्या माणसाकडे: लीगमध्ये तीन-चार वर्षं काढलेला, एखाद्या मोठ्या नावाच्या पाठीमागे उभा राहून शिकलेला, आणि मिळालेल्या एक-दोन संधींत चमकलेला.

एका सामन्याच्या जोरावर कोटींचा करार? असं खरंच झालंय?

झालंय, आणि मॅट फ्लिनचं प्रकरण मी नेहमी आधी सांगतो.

फ्लिन ग्रीन बे पॅकर्समध्ये ॲरन रॉजर्सच्या मागे होता. २००८ च्या ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत त्याची निवड झाली होती. २०११ च्या हंगामात पॅकर्सनी १५ पैकी १४ सामने जिंकले, प्लेऑफमधलं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतलं, पहिलं स्थान पक्कं झालं आणि शेवटच्या सामन्यात रॉजर्सला विश्रांती देण्यात आली. १ जानेवारी २०१२ ला डेट्रॉइट लायन्सविरुद्ध फ्लिन उतरला आणि त्याने ४८० यार्ड आणि सहा टचडाउन टाकले, म्हणजे त्याच्या पासांनी संघ एकूण ४८० यार्ड पुढे गेला आणि सहा वेळा चेंडू समोरच्या टोकापलीकडे पोहोचला. ग्रीन बेच्या इतिहासात तोवर कोणीही एका सामन्यात इतकं केलं नव्हतं. ज्या संघात बार्ट स्टार आणि ब्रेट फार्व खेळून गेले, त्या संघात.

त्याच वेळी त्याचा करार संपत होता. मार्चमध्ये सिॲटल सीहॉक्सनी त्याला तीन वर्षांसाठी सुमारे दोन कोटी डॉलर देऊ केले, त्यातले एक कोटी खात्रीचे.

आता त्या सामन्याचा दुसरा अर्धा भाग, जो सांगायचा राहून जातो. त्याच दिवशी, त्याच मैदानावर डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्डने ५२० यार्ड टाकले. सामना ४५-४१ असा संपला. दोन्ही बाजूंचा बचाव त्या दिवशी उघडा पडला होता. फ्लिनच्या पासांमध्ये चांगला क्वार्टरबॅक दिसतच होता, मी ते नाकारत नाही. पण समोरच्या संघाचा माणूसही ५०० पार जातो, तेव्हा ४८० हा आकडा एकट्या फ्लिनबद्दल किती सांगतो आणि त्या दुपारबद्दल किती, हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

सिॲटलने त्याच वर्षी ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन घेतला. विल्सन ठेंगणा, त्याच्याकडून कोणाची फार अपेक्षा नव्हती. हंगामपूर्व शिबिरात त्याने जागा जिंकली ती कायमची. फ्लिनला त्या वर्षी नऊ पास टाकायला मिळाले. पुढच्या वसंतात त्याला ओकलंडला पाठवलं गेलं. तिथे टेरेल प्रायर त्याच्या पुढे गेला, फ्लिन एका सामन्यात पहिल्यापासून उतरला, तो वॉशिंग्टनविरुद्ध हरला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला सोडून देण्यात आलं.

सर्वांत महागात कोणाला पडलं?

पैशाचा हिशेब केला तर ह्यूस्टनला. मनाचा हिशेब केला तर बफलोला, आणि माझ्या मते दुसरी जखम जास्त खोल आहे.

१९९७ च्या पहिल्याच सामन्यात जॅक्सनव्हिलचा मार्क ब्रुनेल जायबंदी होता. त्याच्या जागी रॉब जॉन्सन बाल्टिमोरमध्ये उतरला. २४ पासांपैकी २० पूर्ण, ३४४ यार्ड, दोन टचडाउन आणि विजय. उंचापुरा, जोरदार हाताचा, देखणा खेळ. जॅक्सनव्हिलसाठी त्याने सुरुवात केलेला हा एकमेव सामना. त्या एका दुपारच्या जोरावर पुढच्या वर्षी बफलो बिल्सनी त्याच्यासाठी ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली नववी निवड (म्हणजे त्या पाळीला खेळाडू घेण्याचा हक्क) आणि चौथ्या फेरीतली एक निवड दिली, शिवाय पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार केला. जॅक्सनव्हिलने त्या नवव्या निवडीत फ्रेड टेलर घेतला. तो पुढे कारकिर्दीत ११ हजारांहून अधिक यार्ड धावला.

बफलोत जॉन्सनला दुखापतींनी आणि सॅकनी, म्हणजे पास टाकण्याआधीच आडवं होण्याने, गाठलं. चेंडू हातात धरून तो फार थांबायचा. वाट पाहिली तर कोणीतरी मोकळा होईल, या आशेवर उभा राहायचा, आणि तेवढ्यात आडवा पडायचा. त्याची जागा घेतली डग फ्लूटीने. पाच फूट दहा इंचांचा, तिशी उलटलेला, कॅनडाच्या लीगमधून परतलेला माणूस. बफलो फ्लूटीच्या प्रेमात पडलं, आणि तो जिंकतही होता.

१९९९ च्या हंगामात फ्लूटीने बिल्सना प्लेऑफपर्यंत आणलं. शेवटच्या, निकालाला महत्त्व नसलेल्या सामन्यात जॉन्सनला उतरवलं, तो छान खेळला. मग टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात फ्लूटीला बसवून जॉन्सनला सुरुवात देण्यात आली. प्रशिक्षक वेड फिलिप्स यांनी पुढे सांगितलं की हा निर्णय मालक राल्फ विल्सन यांच्याकडून आला होता.

८ जानेवारी २०००, नॅशव्हिल. जॉन्सनला सहा वेळा सॅक केलं गेलं. तरीही शेवटच्या मिनिटांत, एक बूट पायातून निसटलेला असताना, त्याने पास पूर्ण करत संघाला पुढे नेलं. बिल्सनी फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू) मारून १६-१५ अशी आघाडी घेतली. सोळा सेकंद उरले होते. त्यानंतरच्या किकवर टेनेसीने चेंडू मैदानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे आडवा फेकला, केविन डायसन तो घेऊन ७५ यार्ड पळाला आणि सामना २२-१६ असा गेला. तो पास आडवा होता की पुढे, यावर बफलोत आजही भांडणं होतात. त्यानंतर बिल्स सलग १७ हंगाम प्लेऑफमध्ये गेले नाहीत. त्या वर्षी बफलोत जन्मलेली मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला पोहोचली तेव्हा कुठे त्यांच्या संघाने प्लेऑफ पाहिलं.

शेवटचा क्षण जॉन्सनच्या हातात नव्हता, हे मी प्रत्येक वेळी सांगतो. आघाडी त्यानेच मिळवून दिली होती. पण ज्याने संघ तिथवर आणला त्याला बसवून, मोठ्या कराराच्या माणसाला उतरवण्याचा जो हट्ट होता, त्याचं ओझं लोकांनी त्याच्याच डोक्यावर ठेवलं.

ह्यूस्टन आणि ब्रॉक ऑस्वाइलर: काय चुकलं?

मी त्या काळात ह्यूस्टनमध्ये होतो, म्हणून हे जवळून पाहिलंय.

ऑस्वाइलर साडेसहा फुटांहून उंच. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला २०१२ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडलं आणि पेटन मॅनिंगच्या मागे बसवलं. २०१५ मध्ये मॅनिंग जायबंदी झाल्यावर त्याने सात सामन्यांची सुरुवात केली आणि पाच जिंकले. त्यात बर्फ पडत असताना न्यू इंग्लंडविरुद्ध जादा वेळेत मिळवलेला ३०-२४ असा विजयही होता. मग शेवटच्या सामन्यात त्याला मधेच बाहेर काढलं, मॅनिंग परत आला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. महिन्याभरात ह्यूस्टन टेक्सन्सनी ऑस्वाइलरला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर दिले, त्यातले ३ कोटी ७० लाख खात्रीचे.

डेन्व्हरचा त्या वर्षीचा बचाव लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा होता. व्हॉन मिलर आणि डीमार्कस वेअर ज्या संघात समोरच्या क्वार्टरबॅकला श्वास घेऊ देत नाहीत, त्या संघाच्या क्वार्टरबॅकला चूक न करणं एवढंच काम उरतं. ते काम त्याने बऱ्यापैकी केलं. ह्यूस्टनने त्याला संघाचा कणा म्हणून आणलं. शिवाय करार होण्याआधी प्रशिक्षक बिल ओब्रायन आणि ऑस्वाइलर समोरासमोर बसलेही नव्हते, असं तेव्हाच छापून आलं होतं. लग्न ठरवताना सुद्धा आपण एकदा भेटतो.

२४ ऑक्टोबर २०१६ च्या सोमवारी रात्री तो डेन्व्हरला, आपल्या जुन्या मैदानावर गेला. ४१ पास, १३१ यार्ड, २७-९ असा पराभव. ती दिवाळीच्या आधीची सोमवार रात्र होती. त्या आठवड्यात ह्यूस्टनच्या मराठी घरांत फराळाच्या ताटाभोवती जिथे जिथे बसलो, तिथे याखेरीज विषय नव्हता. ज्यांना या खेळात रस नाही अशा काकूसुद्धा "तो उंच मुलगा" म्हणून चौकशी करत होत्या.

हंगामाअखेर १५ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन. डिसेंबरमध्ये त्याला बसवलं गेलं, मग टॉम सॅव्हेज जायबंदी झाल्याने प्लेऑफमध्ये पुन्हा उतरवलं. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टनने त्याला क्लीव्हलंडला दिलं, आणि त्याचा पगार त्यांनी उचलावा म्हणून वर स्वतःची पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवडही दिली. त्या निवडीत क्लीव्हलंडने निक चब घेतला, जो लीगमधल्या उत्तम धावपटूंपैकी एक ठरला. ऑस्वाइलर क्लीव्हलंडसाठी हंगामातला एकही सामना खेळला नाही.

रोज सराव करतो, मग प्रत्यक्षात कमी का पडतो?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण तो सराव नेमका कसला असतो हे बाहेर फारसं माहीत नसतं.

हंगाम सुरू झाला की आठवड्यातले मोजके सराव जवळजवळ पूर्णपणे पहिल्या क्वार्टरबॅकचे असतात. स्वतःच्या संघाच्या चाली मुख्य खेळाडूंबरोबर तोच करतो. राखीव क्वार्टरबॅकला काम मिळतं ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करण्याचं. प्रशिक्षक एक कार्ड समोर धरतात, त्यावर समोरच्या संघाची चाल काढलेली असते, आणि तो ती आपल्याच बचावासमोर खेळून दाखवतो. म्हणजे सोळा-सतरा आठवडे तो दर आठवड्याला दुसऱ्याच संघाचा क्वार्टरबॅक असतो. त्यातच २०११ च्या कामगार करारानंतर हंगामात संरक्षक कवचं घालून करायच्या पूर्ण सरावांची संख्या १४ वर आली.

त्यामुळे त्याला प्लेबुक, म्हणजे चालींची वही, पाठ असतं, पण त्याचा रिसीव्हर (पास झेलणारा) कुठल्या पावलावर वळतो, दमल्यावर तो किती हळू होतो, ओला चेंडू कसा पकडतो, हे त्याच्या हाताला माहीत नसतं. हे वाचून येत नाही. सामन्यात हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षकाचा आवाज येतो, पण चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरली की तो बंद होतो. त्यानंतर समोरचा बचाव बदलला तर काय करायचं ते त्यालाच पाहावं लागतं.

सरावातला आणखी एक फरक मी महत्त्वाचा मानतो. सरावात क्वार्टरबॅकला कोणी हात लावत नाही. त्याची जर्सीही वेगळ्या रंगाची असते, चुकूनही धक्का लागू नये म्हणून. ज्याने चार वर्षं फक्त सराव केला, त्याने चार वर्षं मार खाल्लेला नाही. पॉकेट, म्हणजे संरक्षक फळीने त्याच्याभोवती केलेलं कडं, कोसळत असताना डोळे खाली न जाऊ देणं ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती तपासायची सोय सराव मैदानावर नाही. रॉब जॉन्सनचं दुखणं नेमकं तेच होतं.

मग पहिले तीन-चार सामने चांगले का जातात?

कारण समोरच्यांकडे त्याची चित्रफीत नसते. या लीगमध्ये बचावाचे प्रशिक्षक प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचा प्रत्येक पास पुन्हा पुन्हा पाहतात. डावीकडे सरकायला लागलं की तो काय करतो, घाईत असला की कोणाकडे पाहतो, कुठला पास टाकायचं टाळतो. नवा माणूस आला की हे टिपण कोरं असतं. शिवाय त्याचे स्वतःचे प्रशिक्षक सुरुवातीला सोप्या, त्याच्या आवडीच्या चालीच देतात.

चार-पाच सामन्यांत टिपण भरतं. मग तो जो पास टाळतो, तोच टाकायला त्याला भाग पाडलं जातं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे अक्षरशः मोजता येतात. चांगला क्वार्टरबॅक या टप्प्यावर उत्तर शोधतो, नवी सवय लावतो. खरी परीक्षा तिथे सुरू होते, आणि अडचण अशी की बहुतेक मोठे करार त्याआधीच्या सामन्यांवर झालेले असतात.

हंगामपूर्व सामन्यांत चमकणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का?

नाही. तिथे बचाव आपल्या खऱ्या चाली लपवून ठेवतो आणि दुसऱ्या अर्ध्यात मैदानावर असलेल्यांपैकी बरेच जण आठवड्याभरात संघातून कमी होणार असतात.

दुखापतीमुळे राहून गेलेल्यालाही अपयशी म्हणायचं का?

केविन कॉल्बचं नाव घेतल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

फिलाडेल्फियाने त्याला २००७ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं, डॉनोव्हन मॅकनॅबचा वारस म्हणून. २००९ मध्ये मॅकनॅबची बरगडी मोडली तेव्हा कॉल्बने पहिल्या दोन्ही सामन्यांत ३०० यार्डांच्या पुढे मजल मारली. कारकिर्दीतल्या पहिल्या दोन सुरुवातींत असं आधी कोणी केलं नव्हतं. संघाने मॅकनॅबला वॉशिंग्टनला पाठवलं आणि २०१० साठी संघ कॉल्बच्या हवाली केला. पहिल्याच सामन्यात ग्रीन बेच्या क्ले मॅथ्यूजने त्याला जमिनीवर आपटलं. मेंदूला मार बसला. त्याच्या जागी आलेला मायकल व्हिक असा खेळला की कॉल्बला जागा परत मिळालीच नाही.

जुलै २०११ मध्ये ॲरिझोनाने त्याच्यासाठी डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टीसारखा नावाजलेला बचावपटू आणि दुसऱ्या फेरीतली निवड दिली, वर पाच वर्षांचा सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार. वेळ पाहा: त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादात लीगला मार्चपासून जुलैपर्यंत टाळं होतं. वसंतातली जी शिबिरं नव्या क्वार्टरबॅकला नव्या भाषेची ओळख करून देतात ती झालीच नाहीत. दोन हंगामांत त्याने चौदा सामने सुरू केले. त्याच्यापुढची संरक्षक फळी कमकुवत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सेंट लुईसविरुद्ध एका संध्याकाळी तो नऊ वेळा आडवा झाला. पुढच्या वर्षी बफलोच्या हंगामपूर्व सामन्यात मेंदूला पुन्हा मार बसला आणि कारकीर्द संपली, तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

फसलेल्यांच्या याद्यांत कॉल्बचं नाव हमखास असतं. मला ते पटत नाही. त्याच्याबद्दलचा अंदाज चुकला हे खरं, पण नऊ सॅक खाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पाच जणांकडे आणि ते पाच निवडणाऱ्यांकडे पाहायला हवं.

सगळेच राखीव क्वार्टरबॅक असे फसतात का?

मुळीच नाही. टॉम ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा होता आणि २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून उतरला. कर्ट वॉर्नर १९९९ मध्ये ट्रेंट ग्रीनच्या दुखापतीमुळे उतरला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. स्टीव्ह यंग जो मॉन्टॅनाच्या मागे वर्षानुवर्षं थांबला, रॉजर्स तीन वर्षं फार्वच्या मागे. अलीकडचा ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची, २६२ वी निवड.

या नावांत एक धागा आहे. हे सगळे जिथे थांबले तिथेच खेळले. तेच प्रशिक्षक, त्याच चाली, तेच ओळखीचे हात. फसलेल्यांपैकी बहुतेकांना रोप उपटून दुसऱ्या जमिनीत लावावं तसं नेलं गेलं, आणि फळ पहिल्याच हंगामात मागितलं गेलं.

बाहेर जाऊनही रुजलेले आहेत. मॅट हॅसलबेक ग्रीन बेहून २००१ मध्ये सिॲटलला गेला, पण तिथे प्रशिक्षक होते माइक होमग्रेन, ज्यांनी त्याला ग्रीन बेमध्ये पाहिलं होतं. तरीही पहिल्या वर्षी तो चाचपडला, त्याची जागाही गेली. होमग्रेन यांनी धीर धरला आणि २००५ च्या हंगामात हॅसलबेकने सिॲटलला पहिल्यांदा सुपर बोलमध्ये नेलं. ज्या ह्यूस्टनला ऑस्वाइलर लाभला नाही, त्याच ह्यूस्टनला अटलांटाचा राखीव मॅट शॉब लाभला होता. २००९ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ४,७७० यार्ड टाकले.

काही जण मधेच राहतात. डॅन मरीनोच्या मागून डेट्रॉइटला आलेल्या स्कॉट मिचेलने १९९५ मध्ये ३२ टचडाउन टाकले, आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाकडून ५८-३७ असा मार खाल्ला. डेट्रॉइटमध्ये त्याचं नाव काढा, लोकांना तो पराभवच आठवतो. मॅट कॅसल कॅन्सस सिटीत २०१० मध्ये २७ टचडाउन आणि सातच इंटरसेप्शनवर थांबला, संघ गटात पहिला आला, आणि दोन वर्षांत सगळं विस्कटलं. यांना फसलेले म्हणणं मला अन्याय वाटतो.

निक फोल्सने तर सुपर बोल जिंकून दिला. तोही या यादीत?

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३७३ यार्ड, तीन टचडाउन, सामन्याचा मानकरी, आणि फिलाडेल्फियाला पहिला सुपर बोल. वर्षभराने जॅक्सनव्हिलने त्याला चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर दिले. पहिल्याच सामन्यात, टचडाउनचा पास टाकतानाच, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. परतल्यावर जमलं नाही. त्याने सुरू केलेला एकही सामना संघ जिंकला नाही, आणि सहाव्या फेरीतल्या गार्डनर मिन्शूने जागा घेतली. एका वर्षात फोल्स शिकागोत. तरीही फिलाडेल्फियात त्याचा पुतळा उभा आहे, आणि तो तिथे असायलाच हवा.

दोष कोणाचा?

माझं मत स्पष्ट आहे: घेणाऱ्याचा. देऊ केलेले पैसे नाकारायचे, असं कुठल्या तरुणाने करावं? खेळाडूची कारकीर्द दोन-चार वर्षांत, एका धडकेत संपू शकते. विकणारा संघ आपलं हित पाहतो. घेणाऱ्याकडे मात्र चित्रफिती असतात, माणसं असतात, महिने असतात. पण गरजवंताला अक्कल नसते. प्रशिक्षकाची नोकरी टांगणीला असते, मालक दोन हरलेल्या हंगामांनी अस्वस्थ असतो, आणि प्रेक्षकांना नाव हवं असतं.

२०१७ मध्ये शिकागोने माइक ग्लेननला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलर देऊ केले आणि पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये वरची जागा विकत घेऊन मिच ट्रुबिस्की निवडला. ग्लेनन चार सामने खेळला. ज्या संघाचा आपल्याच निर्णयावर दीड महिनाही विश्वास नव्हता, तिथे कोण टिकलं असतं?

पुढचा "हाच तो" पाहताना काय तपासावं?

मी आधी त्याच्या संघाचा बचाव पाहतो, मग त्याच्यापुढची फळी. त्यानंतर विचारतो की नव्या घरात त्याची भाषा बोलणारा कोणी प्रशिक्षक आहे का, आणि त्याला आणायची इच्छा प्रशिक्षकाची होती की वरून आली. सामने पाच-सहापेक्षा कमी असतील तर आकडे बाजूला ठेवतो आणि एकच गोष्ट शोधतो: तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्या प्रयत्नाला), पॉकेट मोडत असताना, त्याची नजर पुढे राहते की खाली जाते.

महाराष्ट्रातून हे सामने कधी पाहता येतात?

रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरमध्ये मागे गेलं की साडेअकराला सुरू होतात. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला.

मॅट फ्लिनचं पुढे काय झालं?

ओकलंडने सोडल्यावर तो थोडे दिवस बफलोत होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये शिकागोविरुद्ध रॉजर्सच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ग्रीन बेचे इतर क्वार्टरबॅक अडखळले आणि संघाने फ्लिनला परत बोलावलं. मिनेसोटाविरुद्ध तो मधेच उतरला आणि हातचा गेलेला सामना २६-२६ असा बरोबरीत आणला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्याच डेट्रॉइटने, ज्याच्याविरुद्ध त्याने ४८० टाकले होते, संघाला ४०-१० असं झोडपलं. मग अटलांटाविरुद्ध एका गुणाने विजय.

१५ डिसेंबरला डॅलसमध्ये मध्यंतराला पॅकर्स २६-३ असे मागे होते. दुसऱ्या अर्ध्यात फ्लिनने चार टचडाउन पास टाकले, ओळखीच्या चालींत, ओळखीच्या हातांत, आणि ग्रीन बेने सामना ३७-३६ असा जिंकला. दोन आठवड्यांनी रॉजर्स परतला, शिकागोला हरवून पॅकर्सनी गट जिंकला, आणि फ्लिन पुन्हा टोपी घालून, हातात कागद घेऊन बाजूच्या रेषेवर उभा राहिला.